स्वतःला शोधायला गेलो आणि जोतीराम सापडला

नेरूळ, सेक्टर सहा,
रविवार, उपासनेहून आल्यावर

ती. धर्मराजदादा यांस,

धाकट्या अरुणाचा प्रभूमध्ये सप्रेम सलाम. वहिनींनाही सलाम, आणि तुमच्या डाव्या गुडघ्याला वेगळा.

प्रकृती कशी आहे असं मी दर पत्रात विचारते आणि तुम्ही दर पत्रात "कृपेने बरे" एवढंच लिहिता. पस्तीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बहिणीला त्यावरून काहीही कळत नाही. गुडघा जिना चढताना दुखतो की उतरताना, आणि रक्तदाबाची गोळी रोज घेता की आठवण आली की, एवढं तरी लिहीत जा. फोन का केला नाही, असं वहिनी म्हणतील. फोनवर तुम्ही मला तिसऱ्या वाक्याला "मुद्द्याचं बोल" म्हणता. (शाळेत तुम्ही माझे गुरुजी होतात, तेव्हाची सवय. मीसुद्धा तेव्हापासून तुम्हाला 'तुम्ही' म्हणते ते म्हणतेच.) पत्राला मध्येच थांबवता येत नाही, हा त्याचा मोठा गुण. आम्ही सगळे इथे कृपेने बरे आहोत. आमचा चिरंजीव विश्वजित आपल्या मुलीशी अकरा दिवस बोलत नव्हता, तेवढं सोडलं तर.

झालं असं. आपल्या अस्मिताचं या उन्हाळ्यात दृढीकरण ठरलं होतं. विश्वजित आमच्या चर्चच्या मंडळीचा सेक्रेटरी, त्यामुळे यादी त्यानेच टाइप केलेली आणि तिचं नाव पहिलं. एका सकाळी तिने चहा पिता पिता सांगितलं की यादीतून माझं नाव काढा. विश्वजितने विचारलं, का. ती म्हणाली, "पप्पा, माझ्या बाप्तिस्म्याला माझ्या वतीने तुम्ही कबुली दिलीत. आता ती मी माझ्या तोंडाने द्यायची, बरोबर? पण मी म्हणजे कोण? कॉलेजात मी ॲश, इन्स्टावर तिसरीच कोणीतरी, घरात अस्मिता, चर्चमध्ये सेक्रेटरींची मुलगी. यातल्या कोणी द्यायची?" विश्वजित म्हणाला, सगळ्यांनी मिळून द्या. ती हसली नाही. त्यालाही हसवायचं नव्हतं. तिथून घरात बोलणं बंद झालं आणि "मीठ दे" हेसुद्धा माझ्यामार्फत जाऊ लागलं.

दादा, खरं सांगते, मला राग यायला हवा होता. पण मला प्रश्न आवडला. मी चौसष्ट वर्षांची झाले, मला हा कधी पडला नव्हता, कारण कोणी पडू दिला नाही. मी सोळाव्या वर्षापर्यंत मास्तरांची बहीण होते, मग सिस्टर झाले. पस्तीस वर्षं पेशंट, त्यांचे नातेवाईक, डॉक्टर, सगळे सिस्टर म्हणायचे. (तुमचे मेहुणे, देव त्यांना विसावा देवो, तेसुद्धा एकदा झोपेत "सिस्टर, पाणी" म्हणाले होते.) निवृत्त होऊन इथे आले आणि 'सातशे तीन' झाले. सारसोळ्याची जी कोळीण आमच्या गेटपाशी पाटी घेऊन बसते तिच्या लेखी मी बोंबीलवाली. वरच्या मजल्यावरच्या बाई सुरमईवाल्या, त्यांचा मान जास्त.

आणि आडनावाची तर कथाच आहे. सोसायटीचे चेअरमन नंदकुमार हे फार सज्जन गृहस्थ. चक्रनारायण हे नाव पाटीवर वाचून त्यांनी आम्हाला आल्या वर्षीच सोसायटीच्या पूजेला यजमान म्हणून बसायचा आग्रह केला, आडनावातच नारायण आहे म्हणून. मी सांगितलं, आम्ही ख्रिस्ती. ते म्हणाले, असू द्या की, पण मूळचे कोण? मी म्हटलं, राहुरीचे. ते म्हणाले, तसं नव्हे, मूळचे. मी म्हटलं, माझं माहेर राहुरीचं आणि सासर नेवाशाचं, याच्या मुळाशी मला जाता येत नाही. ते गावाबद्दल विचारत नव्हते हे मला चांगलं कळत होतं, दादा. पण न कळल्यासारखं करायला वयाची मदत होते. अजून दर वर्षी ते प्रसाद स्वतः आणून देतात आणि दारात थोडा वेळ माझ्याकडे निरखून बघतात.

तर अस्मिताने आपल्या प्रश्नाचं उत्तर शोधायला एक शिबिर शोधून काढलं. बेलापूरला, शनिवारी, दिवसभर. नाव 'स्वतःला भेटा'. घरच्या एका माणसाला सोबत आणायची मुभा होती. बाप बोलत नव्हता, आई ड्यूटीवर, म्हणून मी निघाले. खरं तर कोणी असतं तरी मीच निघाले असते, मला बघायचंच होतं. आम्ही एनएमएमटीची बस पकडून बेलापूरला उतरलो. सरकारी कार्यालयांच्या मागे एक काचेची इमारत, तिसऱ्या मजल्यावर हॉल, आत इतका गारवा की मी पदर कानांवरून घेतला. दारात प्राची नावाची एक गोड मुलगी स्टिकर वाटत होती. त्यावर आपण कोण आहोत ते लिहून छातीवर लावायचं. अट एवढीच की नाव लिहायचं नाही, काम लिहायचं नाही, नातं, गाव, धर्म, काहीही नाही. मी 'सिस्टर' लिहिलं, तिने खोडलं. 'आजी' लिहिलं, तेही खोडलं. 'ख्रिस्ती' लिहिलं, तर फार अदबीने म्हणाली की तेसुद्धा लेबलच ना. मी विचारलं, मग उरतं काय? म्हणाली, "तेच तर शोधायचंय, आजी." मी म्हटलं, बाळ, आजी तू आत्ताच खोडलंस. ती गोंधळली आणि तिने मला दुसरा स्टिकर दिला. तो कोराच लावून मी आत गेले. माझ्या डावीकडच्या बाईंनी 'मुक्त पक्षी' लिहिलं होतं. मागच्या गृहस्थांनी 'शांत समुद्र' लिहिलं होतं आणि ते एसीवरून तिथल्या माणसाशी भांडत होते. अस्मिताने नुसतं प्रश्नचिन्ह काढलं होतं.

मग शिबिर घेणारे आले. नाव ऋषी. तिशीतला मुलगा, सगळे कपडे काळे, पायात बूट पण मोजे नाहीत, गालाला चिकटलेला बारीक माइक. बोलायचा फार छान, हे कबूल केलं पाहिजे. मराठीत सुरू करून इंग्रजीत जायचा आणि हिंदीतून परत यायचा. त्याचं म्हणणं, जगाने तुमच्यावर चिकटवलेली सगळी लेबलं एकेक करून काढा, शेवटी जे उरेल ते तुम्ही. मी आपली ऐकत होते, पण मनातून वॉर्ड जाईना. आमच्याकडे लेबल निघालेली बाटली सापडली तर ती मोरीत ओतायची असा नियम होता. आत कितीही खरं औषध असो, ते कोणाला देण्याची सोय नाही. हे मी अस्मिताच्या कानात सांगितलं. ती म्हणाली, आजी, प्लीज.

पुढचा प्रयोग आरशाचा. प्रत्येकाच्या हातात एक आरसा, दहा मिनिटं डोळे न काढता स्वतःकडे बघायचं आणि काहीही बोलायचं नाही. दादा, मी इतका वेळ स्वतःचं तोंड लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. पहिली दोन मिनिटं माझी मलाच लाज वाटली. मग निरखायला लागले तर हनुवटी आईची निघाली, कपाळ बाबांचं, आणि नाक तुमचं. स्वतःला भेटायला म्हणून गेले आणि तुम्ही सगळे तिथे आधीच येऊन बसला होता. मला मोठी गंमत वाटली. शेजारी अस्मिता मात्र आरशात बघून हळूच रडत होती. मी माझा गुडघा तिच्या गुडघ्याला लावून ठेवला. नंतर तिने सांगितलं की फोनमध्ये ती स्वतःचा चेहरा इतका गुळगुळीत करून टाकते की आरशातला चेहरा तिला कोणा दुसरीचा, थोडा बिघडलेला वाटला. एकोणीस वर्षांची मुलगी. मला त्या क्षणी कळलं की हिचा प्रश्न हा दृढीकरण टाळायचा बहाणा नाही.

तर हॉलमध्ये तेवढ्यात माझं लक्ष माझ्या आरशाच्या कडेला गेलं. त्यात 'मुक्त पक्षी' बाईंचा डोळा दिसत होता आणि खालची पापणी अगदी पांढरी. मी कुजबुजले, जिना चढताना धाप लागते का? त्या म्हणाल्या, हो, तुम्हाला कसं कळलं? मी सांगितलं, उद्याच हिमोग्लोबिन तपासा. ते पुढच्या बाईंनी ऐकलं आणि आपला तळहात दाखवला. मग 'शांत समुद्र' आले आणि मनगट पुढे करून बसले. (नाडी शंभराच्या वर. मला नवल वाटलं नाही.) पाच मिनिटांत माझ्यापुढे रांग. ऋषी ती थांबवायला माझ्याकडे आला आणि मी त्याच्याकडे बघितलं तर कपाळावर गार घाम, हात थरथरतायत, ओठ फिके. मी म्हणाले, बाळ, खाली बस. तो म्हणाला, "मॅम, दिस इज अ सायलेन्ट," आणि एवढं बोलून आडवा झाला.

माणूस पडला की मग मला कोणी सांगावं लागत नाही. लोकांना मागे सारलं, त्याचे पाय खुर्चीवर ठेवले, गळ्याचं बटण सोडलं. प्राचीला विचारलं, याने खाल्लंय काय? ती रडवेली होऊन म्हणाली, सर तीन दिवस फक्त लिंबूपाण्यावर आहेत, शरीर शुद्ध करतायत. तेवढ्यात त्याने डोळे उघडले. आम्ही जे विचारतो तेच मी विचारलं. "नाव काय तुझं?"

"जोतीराम."

प्राची म्हणाली, "सर, तुम्ही ऋषी."

मी तिला गप्प केलं. "घरी कोण आहे, जोतीराम?"

"आये हाय. शकुबाई."

"गाव कुठलं?"

"खटावाकडं."

"आज वार कोणता?"

"शनवार."

हॉलभर लोकांना वाटलं, बिचारा भ्रमात बोलतोय. तो पूर्ण शुद्धीवर आहे हे तिथे मला एकटीलाच कळलं. गिळता येतंय याची खात्री करून साखरपाणी दिलं. आणि गालावरचा माइक चालूच राहिला होता, त्यामुळे शकुबाईंचं नाव तिसऱ्या मजल्यावर सगळ्यांनी ऐकलं.

शिबिर अर्थातच तिथे संपलं. त्याला डॉक्टरकडे जायला मी बजावलं, पण आधी खालच्या उपाहारगृहात नेऊन पोहे आणि दोन केळी खायला लावली. समोर मी आणि अस्मिता. तो मान खाली घालून खात होता. मग आपणहून म्हणाला की पहिल्या नोकरीत साहेबाने सांगितलं, जोतीराम हे नाव परदेशी गिऱ्हाइकाच्या तोंडात बसत नाही, काहीतरी छोटं घे. एका दिवसापुरतं घेतलं ते आठ वर्षं राहिलं. कार्डावर तेच, फ्लॅटच्या पाटीवर तेच. आईचा फोन आला की तो खोलीबाहेर जातो, कारण तिच्याशी बोलताना जीभ आपोआप गावाकडे वळते.

अस्मिताने विचारलं, "मग यातले खरे तुम्ही कोणते?"

तो पोह्यांतली मिरची बाजूला काढायला लागला. मग म्हणाला, "मी आजपर्यंत नऊ शिबिरं घेतली. हे मला कोणी विचारलं नव्हतं."

आणि खरंच त्याच वेळी आईचा फोन आला. तो उठायला लागला, पायांत बळ नव्हतं म्हणून बसला, आणि आमच्यासमोरच बोलला. "जेवलो गं आये. न्हाय, पडलो न्हाय. एक नर्सबाई हायत, त्यांनी खाऊ घातलं." पडलो नाही हे त्याने खोटं सांगितलं, पण आईशी बोलताना तेवढं चालतं असं माझं मत आहे. (तुमचं नसेल.)

परत येताना अस्मिता म्हणाली, घरी नको, जेट्टीवर जाऊ. सारसोळ्याच्या जेट्टीवर ओहोटी होती, होड्या चिखलात तिरक्या बसल्या होत्या. ती म्हणाली, "आजी, फोनवर बोलताना तो मला एकदम खरा वाटला. पण स्टेजवरचा पण अगदी खोटा नव्हता. तोही त्यानेच मेहनतीने बनवलाय ना?" मला हे सुचलं नव्हतं. मी म्हणाले, मला शहाणपणाचं काही येत नाही, मला बाळंतपणाचा वॉर्ड येतो. तिथे मूल जन्मलं की आम्ही पहिल्यांदा त्याच्या मनगटाला चिकटपट्टी गुंडाळायचो आणि तिच्यावर शाईने लिहायचो, अमुकबाईंचं बाळ. त्याला नाव नसतं, त्याने काही केलेलं नसतं, कोणाला आवडेल असा चेहरासुद्धा नसतो, सगळी एकसारखी लाल आणि सुरकुतलेली. ते कोण आहे याचं उत्तर एकच, ते कोणाचं आहे. मला वाटतं, आपण ख्रिस्ती लोक जे म्हणतो ते एवढंच असावं. आपण काही करून दाखवण्याच्या आधी कोणीतरी आपल्या मनगटावर 'माझं' असं लिहून ठेवलंय.

तुमची नात विचार केल्याशिवाय हो म्हणत नाही. ती म्हणाली, "पण बाळाला कोणी विचारलं का?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "आणि ती पट्टी चार दिवसांनी कापून टाकतात." मी म्हटलं, कापतात, पण कितीतरी आया ती मागून घेतात आणि पेटीत ठेवतात. ती मग म्हणाली, "आणि मुलाला मोठेपणी वाटलं की आपण स्वतःचंच आहोत, तर?" मी म्हणाले, मला माहीत नाही, तू शोधलंस तर मलाही सांग. या वाक्यावर मात्र ती हसली, अकरा दिवसांत पहिल्यांदा.

घरी विश्वजित शर्टाला इस्त्री करत होता. अस्मिताने त्याच्यासमोर बसून सगळं सांगितलं, जोतीरामसकट. त्याने इस्त्री उभी करून ठेवली आणि म्हणाला, "हे घर घेताना दलालाने विचारलं होतं, चक्रनारायण म्हणजे कोण? मी म्हणालो, देशावरचे. सह्या होईपर्यंत दुसरं काही बोललो नाही. ऑफिसातही कोणी विचारलं तर अजून तेवढंच सांगतो. मंडळीचा सेक्रेटरी आहे मी." दादा, मी याची आई, मला हे माहीत नव्हतं. अस्मिता म्हणाली, "म्हणजे पप्पा, तुम्हीपण?" तो म्हणाला, "मीपण. फरक एवढाच की तू विचारलंस." मग तो परत इस्त्री करायला लागला आणि एकच बाही तीन वेळा केली.

त्याने तिचं नाव यादीत परत घातलं नाही. आज उपासनेनंतर तिला घेऊन पाळकसाहेबांकडे गेला आणि म्हणाला, नाव नसताना हिने वर्गात बसलेलं चालेल का? पाळकसाहेब म्हणाले, बसू दे, बाकीची मुलं न विचारताच हो म्हणतात, एक तरी विचारणारी हवी. तेव्हा सध्या ती बसणार आहे, पुढचं कोणाला ठाऊक नाही, आणि मीठ सरळ मागितलं जातं.

वहिनींना वाफारा घ्यायला सांगा. तुमच्या दोघांसाठी रोज प्रार्थना करते, गोळीसाठी वेगळी.

तुमची धाकटी बहीण,
अरुणा

ता. क. विश्वजितने त्या अकरा दिवसांत तुम्हाला फोन करून "या आणि हिला समज द्या" म्हणून बोलावलं, हे मला कळलंय. तुमचं तीन मुद्द्यांचं भाषण तयार असणार. ते ऐकवायची वेळ येऊ नये म्हणूनच मी हे एवढे कागद खर्च केले. कृपा करून येऊ नका. त्याऐवजी अस्मिताच गुरुवारी तुमच्याकडे येतेय, पंधरा दिवस राहील, वर्गाला परत आल्यावर बसेल. तिला तुमच्या-माझ्या पणजीची, म्हणजे आपल्या बाबांची आजी वेणूबाई हिची हकीकत हवीय, आपल्या घराण्यात पहिला बाप्तिस्मा तिने घेतला म्हणून. चर्चच्या जुन्या नोंदवहीतला तिचा अंगठा दाखवा. आणि तुम्ही उपदेशात नेहमी सांगता की वेणूबाईने मागे वळून पाहिलं नाही. ती बाप्तिस्म्यानंतर दोन वर्षं निघून गेली होती आणि मग कोणी न बोलावता परत आली, हे बाबांनी आपल्या दोघांना सांगितलेलं आहे. का गेली आणि का आली ते बाबांनाही माहीत नव्हतं. तो भाग गाळू नका. मुलगी त्यासाठीच येतेय.

ता. क. दुसरा. माझ्या दृढीकरणाच्या दिवशी मी कबुलीचं शेवटचं वाक्य विसरले होते. मागच्या बाकावरून तुम्ही ते पुटपुटलात आणि मी तुमच्यामागून म्हटलं. ती कबुली माझी धरायची की तुमची, हे पन्नास वर्षं विचारायचं राहिलंय. घाई नाही.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. राहुरीच्या स्टँडवर तिला घ्यायला जाल तेव्हा घोटाळा होऊ नये म्हणून लिहिते. तुम्ही तिला सहा वर्षांत पाहिलेलं नाही. आता ती तुमच्याएवढी उंच आहे, केस मुलांसारखे बारीक कापलेत आणि पुढची एक बट निळी आहे. फोटो पाठवणार होते, पण तिचा एकही फोटो तिच्यासारखा नाही. तुम्ही काही शोधत बसू नका. एसटीतून माणसं उतरली की नावाने मोठ्याने हाक मारा. जी वळून बघेल, ती आपली.